लिंबाजीकाकांचं अनुमोदन

बीड जिल्ह्यात मी फिरायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे धबधबा कधी येणार याची कुणी वाट बघायला नको. धबधबा येतो. तिथंही भांडण झालं.

माझं भांडण मोबाईलवरच्या खेळांशी आहे. खेळ कुणीही खेळावा. पण तो चारचौघांत, पूर्ण आवाजात, समोर बसलेलं माणूस जणू हयातच नाही अशा थाटात खेळायचा, याची मला चीड आहे. आम्ही पाच-सहा मुलींनी सांगलीत यावर एक पत्रक काढलंय. मथळा माझाच: 'तुमचा खेळ तुमच्या कानात ठेवा.' एसटीत, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, मयताच्या ओट्यावर बसून फासे खुळखुळवणाऱ्यांच्या हातात आम्ही ते देतो. लोक त्याची पुडी करून शेंगदाणे खातात. आम्ही पुन्हा छापतो.

माझ्या खोलीत राहणारी अर्चना नर्सिंग शिकते. तिचं गाव बीडजवळ, मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. घरी मेंढरं. अर्चना रोज संध्याकाळी वडिलांना फोन लावायची आणि रोज तिकडून फोन कट व्हायचा, कारण लिंबाजीकाका त्या वेळी लुडो खेळत असायचे आणि फोन आला की डाव अडतो. अर्चना हसून सोडून द्यायची. मला हसू आलं नाही. लेकीचा फोन कापणारा बाप बघायचाच असं ठरवून मी ऑक्टोबर लागता लागता पिशवीत पत्रकं कोंबली आणि निघाले.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या गावांना आपण सुटलो असं वाटेल. माणसांची नावंही बदलली आहेत.

मांजरसुंबा

एसटीचा प्रवास सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. मांजरसुंब्याला उतरले तेव्हा रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. डोंगरातलं सीताफळ, आकारानं लहान, पण गर असा की बिया थुंकायचाही कंटाळा येत नाही. दोन तिथंच उभ्यानं खाल्ली आणि एका ढाब्यात शिरले.

गल्ल्यावरचा माणूस फोन आडवा धरून गोळीबाराचा खेळ खेळत होता. बंदुका, स्फोट, हिंदीतून शिव्या, सगळं ढाबाभर. मी भाकरी आणि शेवभाजी सांगितली. तो मान वर न करता म्हणाला, "दोन मिनिट ताई, एकजन मरायलाय."

शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली ठेवली. "कोन मरायलंय रं बाबा?"

"कुनी न्हाई मावशी. गेम हाय."

म्हातारीची सून बीडला दवाखान्यात होती, बाळंतपणात अडलेली. म्हातारी तिकडंच निघाली होती. हे तिनं मला सांगितलं, त्याला नाही सांगितलं, कारण त्यानं विचारलं नव्हतं. मी गल्ल्यावर पत्रक ठेवलं. त्यानं ते वाचलं, अगदी खालपर्यंत वाचलं, "चांगलं लिवलंय" म्हणाला, आणि घडी घालून फोनला टेकू दिला.

आमच्याकडचे हॉटेलवाले खेळत नाहीत असं नाही. पण गिऱ्हाईक आलं की फोन पालथा घालतात, निदान लाजल्यासारखं करतात. इथं तेही नाही. भाजी मात्र इतकी झणझणीत होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या माणसाला वाटलं, मी त्याच्यामुळे रडतेय. त्यानं एक कांदा जास्त दिला.

कपिलधार

गावाकडची जीप दुपारी होती, म्हणून मधल्या वेळात कपिलधारला जाऊन आले. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे धार भरून कोसळत होती. खाली उभं राहिलं की तुषारांनी ओढणी ओली. दर्शनाला आलेल्या बायका पायऱ्यांवर बसून शिदोऱ्या सोडत होत्या, एक आजी डोळे मिटून अभंग म्हणत होती. आणि तिच्यापासून दोन हातांवर, बायकोमुलांना घेऊन आलेला एक गृहस्थ रंगीत गोळ्या फोडण्याचा खेळ खेळत होता. गोळी फुटली की टिंग. आजीच्या प्रत्येक ओळीवर टिंग.

मी त्याला आवाज बंद करा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, देवाला काय तरास न्हाई, ह्या आजीला न्हाई, तुमालाच कावून?"

मी आजीकडे बघितलं. आजीनं डोळे उघडले, मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा मिटले. पायऱ्यांवरच्या चार बायका मलाच बघत होत्या. देवाच्या दारात आवाज चढवणारी मी होते ना. मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. पण तिथून मी भिजलेली, हरलेली उतरले, हे खरं आहे.

घर

लिंबाजीकाकांचं घर गावाच्या शेवटी, दगडी भिंतींचं, वर पत्रे. शेजारी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. काका ओट्यावर बसले होते. पन्नाशीचा उंच माणूस, पांढरी मिशी, फेटा, आणि हातात फोन. मी अर्चनाची मैत्रीण म्हणून सांगितल्यावर चेहरा उजळला. उठले, आत गेले, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे धरला. डाव्या हातानं. उजव्या हाताचा अंगठा काचेवर होता, कारण त्यांच्यावर डाव आला होता.

डाव्या हातानं पाणी कुणी कुणाला देत नाही, आमच्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. मी तांब्या घेतला नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. गयाबाई, म्हणजे अर्चनाची आई, दारातून हे बघत होती. तिनं येऊन त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि उजव्या हातानं मला दिला.

"बस माय," ती म्हणाली, "ते आता यायचे न्हाईत. तिकडं कुटंतरी गेल्यात."

मी काकांना थेट विचारलं, अर्चनाचा फोन का कापता? ते ओशाळले. खेळात चौघं असतात, म्हणाले, आपण थांबलं की बाकीचे तीनजण खोळंबतात, मग शिव्या देतात. वेळ संपली की आपली पाळी जाते. मी म्हटलं, म्हणजे अनोळखी तिघांना खोळंबून ठेवायचं नाही, लेकीला ठेवायचं? काका म्हणाले, "लेक आपली हाय की. ती कुटं जातीय?"

या वाक्यावर मी रात्रभर जळत होते.

गायरान

दुसऱ्या दिवशी गयाबाईबरोबर मेंढरं घेऊन गायरानात गेले. एकोणचाळीस मेंढरं आणि तीन शेरडं, अशी बेचाळीस. शेरडं म्हणजे शेळ्या. त्या पुढे, कारण त्यांना रस्ता माहीत. गायरान म्हणजे गावाची सामाईक चराईची जमीन, डोंगराच्या पायथ्याला पसरलेली, मध्ये मध्ये बोरी-बाभळी, खडक, आणि त्या दिवसांत गुडघाभर पिवळं गवत, चालताना कुसळं कपड्यांत घुसतात. वर बालाघाटाची रांग. तिथून पलीकडे वनखात्याची हद्द, तिथं मेंढरू शिरलं की राखणदार हाकलतो. म्हणजे चारायला जागा ही एवढीच.

दुपारी बोरीखाली बसून आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली घट्ट आमटी, मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेलं पीठ, आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. गयाबाईला ते फार आवडलं, मग ती बोलायला लागली.

शेजारच्या सपाट खडकावर रेघा कोरलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, वाघबकरीचा पट आहे. खड्यांचे वाघ आणि खड्यांच्या बकऱ्या. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आणि काका इथं खेळत आले. सासऱ्यांच्याही आधीचा पट. आणि त्या खेळाचा एक नियम होता, तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दहा चाली झाल्या की दोघांनी मान वर करून मेंढरं मोजायची. जो विसरेल त्याचा एक खडा मेला.

"असं कावून?" मी तिच्याच बोलीत विचारलं. ती हसली.

"खेळ बसून हाय, मेंढरं फिरती हायती. बगायला नको?"

मी तिला म्हटलं, काकू, हा नियम आमच्या पत्रकात घालते. ती म्हणाली, कागदावर नको घालू, त्यांच्या डोक्यात घाल. मग जरा वेळानं, मेंढरांकडे बघत, दुसरंच काही बोलायला लागली. हे रान आहे म्हणून आपण गावात आहोत. हे नसेल त्या दिवशी मेंढरं विकायची आणि कुणाच्या तरी वीटभट्टीवर जायचं. अर्चनाला सांगू नको, ती उगाच शिक्षण सोडून येईल. मी विचारलं, रान कुठं जाणार आहे? तिनं सांगितलं की नाना त्याच्या मागे लागलाय. नाना म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सरपंच बाई आहे, सही बाईची आहे, बाकी सगळं नाना आहे. त्याला गायरानाला तारेचं कुंपण घालून झाडं लावायची आहेत आणि पाच वर्षं चराई बंद करायची आहे. दोनदा विषय निघाला आणि दोनदा मेंढरंवाल्यांनी आणि गुरंवाल्यांनी हाणून पाडला.

झाडांना माझा विरोध नाही. कुंपणाचं काम कोणाच्या मेव्हण्याला मिळणार, हे मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सभा

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती, मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात. गयाबाई आली नाही. बायकांची वेगळी सभा आदल्या दिवशी झालेली होती, म्हणजे कागदावर झालेली होती, तिला निरोपच नव्हता. मी पत्रकं घेऊन गेले.

मंडपात सतरंज्या, पुढे टेबल, टेबलामागे सरपंचबाई डोक्यावर पदर घेऊन, शेजारी नाना, आणि माईकवर ग्रामसेवक. आणि सतरंज्यांवर काय? चौघांचं एक टोळकं, मध्ये एक फोन. पुन्हा चौघं, पुन्हा एक फोन. गावाच्या पाण्याचा विषय चाललाय आणि इकडे फासा. शाळेच्या छपराचा विषय चाललाय आणि इकडे "मार बे, मार त्याची गोटी." ग्रामसेवकही असा वाचत होता की जणू त्याला कुणी ऐकू नये हीच त्याची इच्छा. मी इतकी भडकले की पत्रकं वाटायची विसरले आणि माझा मोबाईल वर धरून या सगळ्याचं चित्रीकरण सुरू केलं. म्हटलं, हे सगळ्यांना दाखवते. पत्रकानं होत नाही ते यानं होईल. लिंबाजीकाका आणि शेजारचा दत्ता, दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते. दत्ताकडे चार गाई आहेत. त्यांच्याकडे मी कॅमेरा नेला, काकांची फेट्याखालची वाकलेली मान घेतली, दत्ताचा आ वासलेला जबडा घेतला. फार छान चित्रण झालं.

सभा तासाभरात संपली. सगळे विषय मंजूर.

संध्याकाळी चुलीपुढे बसून मी गयाबाईला ते चित्रीकरण दाखवत होते. काका दाराशी विडी ओढत बसले होते. मी बोट दाखवून म्हणत होते, हे बघा, हा कसा बसलाय, तो बघा. गयाबाई भाकरी थापत ऐकत होती. म्हणजे मी बघत होते आणि ती ऐकत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"माय, पुना लाव ते. मागचं."

मी मागचं लावलं. काकांच्या फेट्याचं चित्र, आणि मागून माईकवरचा ग्रामसेवकाचा एकसुरी आवाज: विषय पाच, गायरान जमिनीवर वृक्षलागवड, तारकुंपण, पाच वर्षं चराईबंदी. सूचक नाना. अनुमोदक कोण? मग नानाचा आवाज, मोठा आणि गोड: "लिंबाजी, तुजं लावू का नाव?"

आणि काका, मान वर न करता, फासा टाकत: "लावा, लावा."

मी तिथं होते. चार हातांवर उभी होते, माझ्याच मोबाईलच्या काचेत बघत. आदल्या दिवशी त्याच गायरानात तीन भाकऱ्या खाऊन आले होते आणि मला एक शब्द ऐकू आला नव्हता. त्या क्षणी मला ज्याचा सगळ्यात जास्त राग आला ते माणूस मंडपात फासे टाकणाऱ्यांतलं नव्हतं, ते मीच होते, हातात मोबाईल धरून उभी. हे लिहायला मला आवडत नाही, पण पत्रकात दुसऱ्यांना नावं ठेवणारीनं हे लिहायला पाहिजे.

नानानं काकांनाच का निवडलं हे सांगायला नको. मेंढरंवाल्यानंच चराईबंदीला अनुमोदन दिलं म्हटल्यावर पुन्हा कोण तोंड उघडणार?

काकांनी विडी विझवली. आता कबूल करतील, मला वाटलं. ते म्हणाले, "मी इचार करून म्हनलं. झाडं लावली तर पानी वाढतंय."

बेचाळीस जित्राबं वाघरीत रवंथ करत होती आणि हा माणूस पाण्याची पातळी सांगत होता. चूक झाली एवढं म्हणायची लाज वाटते म्हणून स्वतःच्या जनावरांच्या तोंडचा घास काढला तेच बरोबर होतं म्हणायचं. मी म्हटलं, हे चित्रीकरण मी आत्ताच्या आत्ता सगळीकडे टाकते. सभा कशी झाली ते जगाला कळू दे, ठराव आपोआप पडेल.

गयाबाईनं माझं मनगट धरलं. पिठाचा हात. "त्येंची इज्जत ती माजी बी हाय. तू दावू नको. त्येंनाच सांगू दे."

"ते सांगत नाहीत, काकू."

"सकाळी बगू."

ग्रामपंचायत

सकाळी गयाबाईनं वाघर सोडली आणि मेंढरं गायरानाकडे न वळवता गावात घातली. मी मागे पळत. बोळातून, देवळासमोरून, थेट ग्रामपंचायतीच्या आवारात. ठरावांवर सह्या व्हायच्या होत्या म्हणून ग्रामसेवक आणि नाना आत बसलेले, व्हरांड्यात पंधरावीस माणसं, त्यांत लिंबाजीकाका. सही करायला बोलावलेले. बघता बघता आवार लोकरीनं भरलं. एका शेरडानं मागच्या पायांवर उभं राहून सूचना फलकावरचा कागद ओढला आणि चघळायला लागलं. कुणीतरी हसलं.

नाना बाहेर आला. "गयाबाई, ही काय पद्दत झाली?"

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या भागात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आमच्याकडेही जुन्या बाया घेत नाहीत. तिनं ग्रामसेवकाला विचारलं, "अनुमोदक कोन हायती? त्यास्नी इचारायचंय."

ग्रामसेवक काकांकडे बघायला लागला. सगळेच काकांकडे बघायला लागले.

"बेचाळीस जीव हायती," गयाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज कुटं नेऊ तेवडं अनुमोदकानं सांगावं. तिकडं नेते."

काका उभे होते, फेटा नीट केलेला, सहीसाठी खिशाला पेन अडकवलेलं. मेंढरं त्यांना ओळखून त्यांच्या पायांशी येऊन रेटत होती. मग ते म्हणाले, "मला ऐकू आलंच न्हाई."

नाना म्हणाला, "काल तर मोट्यानं म्हनलास की बे, लावा लावा."

"खेळत व्हतो."

पुन्हा कुणीतरी हसलं, या वेळी दोघंतिघं. काका तिथंच उभे राहिले. ग्रामसेवकानं अडचणीत सापडल्यासारखं विचारलं की, म्हणजे मी नेमकं काय लिहू? काकांनी त्याच्याकडे वळून सांगितलं, "हेच लिवा. लुडो खेळत व्हतो, कान दिला न्हाई. नाव काडा माजं."

माझ्या मनात या माणसाबद्दल तीन दिवस जे साचलं होतं ते सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. पण चाळीस डोळ्यांसमोर हे एक वाक्य बोलायला किती लागतं, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. मलाही ऐकू आलं नव्हतं, हे मी आदल्या रात्री बोलले नव्हते.

नाव काढायला ग्रामसेवकानं नकार दिला. सभेत मंजूर झालेलं एकट्याच्या म्हणण्यानं खोडता येत नाही. विशेष सभेची मागणी करा, निदान पन्नास मतदारांच्या सह्या आणा, म्हणजे मला वर दाखवता येईल, म्हणाला. गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, माणसं खड्डे खणायला सोमवारी येणार होती. तो दिवस शुक्रवार.

अर्ज मी लिहिला. लिहिणं माझं काम. दणदणीत लिहिला. त्यात एक ओळ अशी होती की, खाली सही करणारे आम्ही सर्वजण ग्रामसभेत मोबाईलवर खेळत असल्यामुळे आमचं लक्ष नव्हतं. पहिल्या सहा घरी एकही सही मिळाली नाही. लोक ती ओळ वाचायचे, किंवा कुणाकडून वाचून घ्यायचे, आणि उद्या या म्हणायचे. मी म्हटलं, खोटं आहे का? खरं सांगायला हे मरतात कसे? गयाबाई म्हणाली, "लोकाला लाजवून सही भेटत न्हाई, माय. ती वळ काड."

मी नाही म्हटलं. रस्त्यात उभं राहून आम्ही भांडलो. माझं म्हणणं, ती ओळ काढली तर सगळंच लपलं, पुढच्या सभेत पुन्हा हेच. तिचं म्हणणं, पुढची सभा व्हायला आधी ही सभा मोडली पाहिजे. शेवटी लिंबाजीकाकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली स्वतःच्या सहीपुढे तेवढंच पुन्हा लिहिलं: मी खेळत होतो. बाकीच्यांच्या नावापुढे काहीच नाही. माझं मत अजून तेच आहे, पण दुपारपर्यंत बत्तीस सह्या आणि अंगठे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी परतीची गाडी होती. सकाळी वडाच्या पारावर आलो तेव्हा एकोणपन्नास झाल्या होत्या. पारावर दत्ता बसला होता, समोर दुसरी तीन पोरं, मध्ये फोन. गयाबाईनं अर्ज पुढे केला आणि सही पाहिजे म्हणाली. दत्तानं मान वर केली नाही. डावा हात पुढे केला. "दे काकू, कुटं करू?"

पन्नासावी सही. तिनं बोट ठेवलं असतं तिथं त्यानं केली असती, पाच सेकंदांचं काम होतं. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगते, मला ती सही हवी होती, कशीही.

गयाबाईनं कागद मागे घेतला आणि दुसऱ्या हाताचा पंजा फोनच्या काचेवर ठेवला. पोरं ओरडली. दत्ता चिडला, "काकू, पाळी जातीय की."

"आदी वाच."

"तुजं हाय म्हनल्यावर काय वाचायचं?"

"वाच. मोट्यानं वाच."

ती हात काढेना. खालून खेळातली घंटा वाजत होती, वेळ संपत आल्याची. दत्तानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे उभ्या असलेल्या लिंबाजीकाकांकडे, आणि कागद घेतला. सातवी-आठवी शिकलेला असावा. बोट ओळीखाली सरकवत, अडखळत वाचायला लागला. गायरान. तारकुंपण. पाच वर्षं. चराईबंदी या शब्दाशी तो थांबला, मागे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"म्हंजी आमच्या गाई बी?"

"गाई बी," गयाबाई म्हणाली.

"हे कवा झालं, काकू?"

तिनं सांगितलं, दोन तारखेला, मारुतीपुढं, सभेत.

दत्ता कागदाकडे बघत राहिला. "त्या दिशी तर मी तितंच व्हतो," तो म्हणाला.